तीन दिवस कुठले मॅडम? तुमच्या एक स्टारला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

काल रात्री दुकान बंद करताना तुमचा रिव्ह्यू वाचला. "साध्या सिंकसाठी तीन दिवस लावले, एक बटण दाबायचे ९०० रुपये घेतले आणि कादंबरीचं सातवं प्रकरण अर्धंच." (सिंक म्हणजे लॅपटॉप आणि आयपॅड दोन्हीकडचं लिखाण सारखं ठेवणं.) तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. काउंटरवरचा पोरगा काही न बघता "उद्या होऊन जाईल" म्हणाला हे चुकलंच, त्याला मी बोललोय.

पण तीन दिवस हे काही पटलं नाही हो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला तुम्ही आलात, लॅपटॉप ठेवून जा म्हटलं तर दिवाळी अंकाची कथा द्यायचीये म्हणून परत घरी घेऊन गेलात. मी तेव्हाच हात जोडून सांगितलं होतं की सोमवारपर्यंत ती स्क्रिव्हनरमधली (म्हणजे तुमच्या लिहायच्या सॉफ्टवेअरमधली) कादंबरी उघडू नका, लॅपटॉपवर पण नाही आणि आयपॅडवर तर अजिबात नाही. लॅपटॉप माझ्या हातात आला सोमवारी सकाळी ११ला, संध्याकाळी ७ला तुम्ही घेऊन गेलात. आठ तास झाले. शनिवार-रविवार तो तुमच्या टेबलावर होता, ते दोन दिवस माझ्या नावावर कसे?

आणि एक बटण. स्क्रिव्हनरचं वर्डसारखं नसतं, की एक फाइल आणि झालं. विंडोजवर ते अख्खं फोल्डर असतं, आत प्रत्येक प्रकरणाचं, प्रत्येक टिपणाचं वेगळं फोल्डर, नाव म्हणजे नुसते आकडे नि अक्षरं, आणि आत लिखाणाची एक आरटीएफ फाइल. ड्रॉपबॉक्स, म्हणजे फाइल्स नेटवर ठेवून दोन्हीकडे पोचवणारी सेवा, हे सगळं सुटं सुटं चढवतो. लॅपटॉपवर प्रोजेक्ट उघडंच ठेवून झाकण मिटलं आणि तिकडे आयपॅडवर लिहायला बसलं की अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं होतं, यात ड्रॉपबॉक्सचा दोष नाही आणि स्क्रिव्हनरचाही नाही. तुमच्याकडे कॉन्फ्लिक्टेड कॉपी, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळं लिहिल्याने झालेल्या जादा प्रती, अशा ३१ फाइल्स निघाल्या. नोटपॅडमध्ये उघडलं तर मराठी दिसतच नाही, आकडेच आकडे, म्हणून एकेक वर्डमध्ये उघडून कुठली नवी कुठली जुनी ते वाचत बसलो. जेवण साडेचारला केलं. (लिहिता छान तुम्ही, कथानक इथे फोडत नाही.)

एरवी अशा वेळी बॅकअप असतो. प्रोजेक्ट बंद केलं की स्क्रिव्हनर आपोआप बॅकअप घेतं, पण सेटिंग बदललं नसेल तर शेवटचे ५च ठेवतं. तुमचे पाचही रविवारचे होते! उघडायचं, दोन ओळी टाइप करायच्या, आलं का परत ते बघायचं, बंद करायचं, दर वेळी जुना चांगला बॅकअप एकेक करून गेला. मग ड्रॉपबॉक्सच्या साइटवर जाऊन जुनी व्हर्जन्स काढली, फुकटच्या अकाउंटवर ती ३० दिवस राहतात, म्हणून सहा प्रकरणं तरी परत मिळाली.

सातव्याचा शेवट तुम्ही ट्रेनमध्ये आयपॅडवर लिहिला होतात, नेट नव्हतं, तो वर चढलाच नव्हता, आणि रविवारी कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही ॲपच काढून परत टाकलं. न चढलेलं लिखाण ॲपबरोबरच जातं. ते मी कुठून आणू?

रिकव्हरीचे वेगळे पैसे लावले नाहीत हे बिलावर आहेच. ११ वर्षं दुकान चालवतोय, तेही पहिल्या मजल्यावर, लोक रिव्ह्यू बघूनच जिना चढतात, म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका. इथून पुढे किती वेळ लागेल आणि काय उघडायचं नाही हे पावतीवरच लिहून द्यायचा विचार आहे, छापून घेतो लवकरच.

बॅकअपची संख्या मी २५ करून दिलीये. आणि कादंबरीची एक झिप ज्या निळ्या पेनड्राइव्हवर टाकून दिली होती तो तुम्ही घाईत काउंटरवरच विसरलात, ड्रॉवरमध्ये आहे, कधीही या, चहा घेऊ. येताना आयपॅड आणा, फक्त निघायच्या आधी लॅपटॉपवरचं प्रोजेक्ट बंद करा आणि ड्रॉपबॉक्सची हिरवी टिक येईपर्यंत प्लीज थांबा.