लायसन्सचं काय, नंतर बघू!

अमेरिकेत लग्न ठरलंय? अभिनंदन! आता सगळ्यात आधी हॉल बघा. मग केटरर, मेंदीवाली, ड्रोनवाला, ढोल-ताशा पथक आणि घोडी. आपल्याकडे घोडीची चाल नव्हती म्हणता? इकडे आहे. मॅरेज लायसन्स नावाचा एक कागद, म्हणजे लग्नाचा सरकारी परवाना, काउंटी क्लार्कच्या (काउंटी म्हणजे इकडचा जिल्हा) खिडकीवर मिळतो, त्याची आठवण शेवटच्या आठवड्यात काढावी. हळदीच्या दिवशी काढलीत तर उत्तमच. चारशे माणसांसमोर अक्षता पडल्या की लग्न लागतं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे, तिला धक्का लावू नका. काउंटीच्या लेखी तुम्ही एक हॉल भाड्याने घेऊन चारशे जणांना श्रीखंड-पुरी वाढलीत, इतकंच. पण काउंटीला विचारतंय कोण?

ऐन वेळी जायचंच झालं तर घराजवळची काउंटी गाठा. लग्न कुठे आहे याच्याशी काय करायचंय! इलिनॉयमध्ये लायसन्स ज्या काउंटीने दिलं त्याच काउंटीत चालतं. शिकागोत राहून कुक काउंटीचं लायसन्स घ्यायचं आणि लग्न नेपरव्हिलच्या बँक्वेट हॉलमध्ये लावायचं, की झालंच काम. नेपरव्हिलची तर आणखी गंमत: गावाचा एक भाग ड्युपेज काउंटीत, दुसरा विल काउंटीत. पार्किंगसाठी गुगल मॅप उघडणारा मावसभाऊ काउंटीची रेघ कुठून जाते ते बघेल, अशी आशा ठेवू नये. न्यू जर्सीत मात्र काउंटीच्या कचेरीत अवश्य जा. तिथे लायसन्स काउंटी देत नाही, तुमच्या गावाच्या नगरपालिकेचा रजिस्ट्रार देतो, आणि तेही सोबत एक सज्ञान साक्षीदार नेला तर. एडिसनसारख्या आपल्या लोकांनी भरलेल्या गावात निम्म्या गल्लीला साक्षीदार करता येईल, पण दुपारी दोन वाजता सुट्टी टाकून कोण येतो, ते बघा बोलावून.

मुहूर्ताबाबत तडजोड नको. शनिवार, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं, हे ठरलं म्हणजे ठरलं. गुरुवारी लायसन्स काढा. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये ७२ तास थांबावं लागतं, पेनसिल्व्हेनियात तीन दिवस, न्यूयॉर्कमध्ये २४ तास. पंचांगात राहुकाळ असतो तसा हा सरकारी काळ, फक्त याला शांत नाही. टेक्सासमध्ये एक पळवाट आहे: लग्नापूर्वीचा आठ तासांचा वर्ग केला की ७२ तासांची अट जाते, वर फीमधले ६० डॉलरही वाचतात. भांडण झालं तर काय करायचं, एकमेकांशी बोलायचं कसं, असलं काहीतरी त्या वर्गात शिकवतात. ज्यांच्या घरी मानपानाच्या याद्या झाल्या आहेत त्यांचा हा अभ्यासक्रम तसा झालेलाच असतो, पण सर्टिफिकेट नसल्यामुळे सवलत मिळत नाही.

याच्या उलट, फार लवकर काढून ठेवण्यातही मजा आहे. न्यूयॉर्कचं लायसन्स ६० दिवस चालतं, कॅलिफोर्नियाचं ९०. आषाढ लागायच्या आत उत्साहाने न्यूयॉर्कचं लायसन्स काढावं, मग घरच्यांना चातुर्मास आठवावा आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरावं. तोवर कागद संपलेला असतो. सासूबाईंना यात शुभशकुन दिसेल असं काही करता आलं तर बघा.

फॉर्म भरताना खरी कसोटी लागते. तुमचं नाव, जन्मस्थळ, आधीची लग्नं किती, हे सोपं. मग आई-वडिलांची जन्माच्या वेळची नावं येतात. वडिलांचं एकच असतं, त्यांना काय होतंय! आईचं नाव खिडकीसमोर उभं राहूनच विचारावं. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात.

"आई, अगं तुझं माहेरचं नाव काय लिहू?"

"कुठलं? शाळेतलं की घरातलं?"

"जन्माच्या वेळचं."

"जन्माच्या वेळी आत्याने यमुना ठेवलं होतं. शाळेत घालताना मास्तरांनी शकुंतला लिहिलं. लग्नात ह्यांनी तांदळात स्वाती लिहिलं. आणि आधारवर काय आहे ते तुझ्या बाबांना विचार, त्यांनीच तो फॉर्म भरला होता."

तेवढ्यात बाबांचा आवाज: "कशाला हवंय त्यांना? आपली सगळी माहिती देऊ नकोस रे कुणाला."

खिडकीतली बाई शांतपणे पेन टेकवून बसलेली असते. मनात येईल ते नाव सांगा. पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी जन्मदाखला आणि हा कागद शेजारी ठेवला जाईल तेव्हा यमुना, शकुंतला आणि स्वाती या तिघी कोण, हे समजावून सांगायला वकील आहेतच. तासावर पैसे घेतात, घाई करत नाहीत.

सुनेचं नाव बदलायची हौस असेल तर कॅलिफोर्नियात ती पुरवून घ्यायचा प्रयत्न जरूर करा. तिथे २००९ पासून लायसन्सवरच नवं आडनाव आणि मधलं नाव लिहिता येतं, नवऱ्यालाही, बायकोलाही. पहिलं नाव मात्र बदलता येत नाही. मधल्या नावाचे पर्यायही कायद्याने मोजून दिले आहेत. जोडीदाराचं आडनाव चालतं, त्याचं पहिलं नाव चालत नाही. म्हणजे वडिलांचं नाव पुसून तिथे नवऱ्याचं नाव टाकण्याची आपली साधीसरळ पद्धत या फॉर्मात बसत नाही. जावयाने मुलीकडचं आडनाव लावलेलं मात्र अगदी आनंदाने बसतं. ही माहिती बैठकीत कुणी काढू नये. काढलीच तर जेवणं झाल्यावर काढावी.

आता गुरुजी. इकडचे बरेच गुरुजी सोमवार ते शुक्रवार कोडिंग करतात आणि शनिवारी सोवळं नेसतात, त्यांची मंगलाष्टकं उत्तम असतात, तेव्हा त्यांना कागदांविषयी विचारून संकोचात टाकू नका. न्यूयॉर्क शहरात लग्न लावणाऱ्याने आधी सिटी क्लार्ककडे नाव नोंदवावं लागतं, हा प्रश्न तर अजिबात काढू नका. लायसन्स समोर आलं की कुणीतरी ज्येष्ठ आत्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतीलच, नव्या कागदाला लावायचंच असतं. कॅलिफोर्नियात या कागदावर खाडाखोड नको, व्हाइटनर नको, चुकलं तर दुसरा कागद काढा असा दंडक आहे. कुंकवाविषयी नियमात काही लिहिलेलं नाही, पण आत्यांचं बोट नेमकं तारखेवरून फिरतं.

सह्या झाल्या की कागद गुरुजींच्या पिशवीत जाऊ द्या. ताम्हण, पळी, दर्भ, उरलेली सुपारी आणि तुमचं वैवाहिक आयुष्य, सगळं एका गाडीच्या डिकीत. सही केलेलं लायसन्स लग्न लावणाऱ्याने परत पाठवायचं असतं: न्यूयॉर्कमध्ये पाच दिवसांत, कॅलिफोर्नियात दहा, टेक्सासमध्ये तीस. ते पोहोचलं, नोंदलं गेलं, तरच सर्टिफिकेट निघतं. गुरुजींना फोन करून आठवण करणं बरं दिसत नाही. दक्षिणा देऊन झाली आहे, आता काय मागायचं?

व्हिसासाठी घाई असलेल्यांचा मार्ग वेगळा. आधी कोर्टात गुपचूप लग्न, मग वर्षभराने पुण्यात 'खरं' लग्न. दोन तारखा ठेवा. इमिग्रेशनच्या फॉर्मवर एक लिहा, मुलाखतीत अल्बम दुसऱ्या तारखेचा दाखवा. आणि काउंटीचं ते 'नुसतं कागदोपत्री' आहे असं दोन्ही घरांना सांगत राहा. साखरपुडा मोडला तर नारळ परत करून भागतं. हे कागदोपत्री मोडलं तर घटस्फोटच घ्यावा लागतो, ज्या लग्नाला कुणी जेवलंही नाही त्याचा. मला विचाराल तर या बाबतीत काउंटी आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. तिला खरं आणि खोटं अशी दोन लग्नं ठाऊकच नाहीत.

दोघं एका खंडात नसाल तर यूटा राज्यातली यूटा काउंटी आहे. २०२० पासून तिथे लायसन्सही ऑनलाइन मिळतं आणि लग्नही व्हिडिओ कॉलवर लागतं. वधू नागपुरात, वर सिअ‍ॅटलमध्ये, क्लार्क तिसरीकडे. लागलीच डिपेंडंट व्हिसाचा अर्ज टाका. लग्न लागताना दोघं समोरासमोर नव्हते, तर त्यानंतर प्रत्यक्ष भेटून एकत्र राहिल्याशिवाय अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा ते लग्न मानत नाही, ही बारीक अक्षरं वाचायला पुढे भरपूर वेळ मिळतो.

पळून जायचं असेल तर लास वेगास. क्लार्क काउंटीची लायसन्सची कचेरी सकाळी आठ ते मध्यरात्री बारा, वर्षातले सगळे दिवस उघडी. संकष्टीलासुद्धा. कुणाला कळणार नाही याची खात्री बाळगा, कारण त्याच काउंटीची लग्नांची नोंद नावाने फुकट, ऑनलाइन शोधता येते आणि साताऱ्याच्या मावशींकडे वायफाय आहे. खरोखरच लपवायचं असेल तर कॅलिफोर्नियात एकत्र राहणाऱ्यांसाठी 'कॉन्फिडेन्शियल' लायसन्स असतं, साक्षीदार लागत नाही, आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तिसऱ्याला ती नोंद मिळत नाही. पण मग फेसबुकवर काय टाकणार?

दुसऱ्याचं लग्न शोधायचं असेल तर पहिली पायरी: 'मॅरेज रेकॉर्ड फ्री' असं शोधून वर येणाऱ्या जाहिरातीवर कार्ड नंबर द्या. चाकं फिरतील, 'तीन नोंदी सापडल्या' असं येईल, आणि दर महिन्याला पैसे कापले जातील. नोंद मूळ काउंटीकडेच असते आणि किरकोळ शुल्कात मिळते. जुनी असेल तर फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकटही सापडते, पण फुकटच्या गोष्टीवर विश्वास कोण ठेवतो! कुक काउंटीकडे १८७१ च्या आधीची लग्नं मागा, ती शिकागोच्या आगीत गेली. सॅन फ्रान्सिस्कोची बरीचशी १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली.

जे उरलंय ते मात्र वाचण्यासारखं आहे, आणि इथे मी जरा उपरोध बाजूला ठेवतो. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत १९१० च्या दशकापासून पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. इथल्या कायद्याने त्यांना बायका-मुलं आणणं जवळपास अशक्य केलं होतं आणि गोऱ्या बाईशी लग्नाला कायदा आडवा यायचा. दोघं एका रंगाचे आहेत की नाही, हे खिडकीमागचा काउंटी क्लार्क त्यांच्याकडे बघून ठरवायचा. सिंग आणि लोपेझ एकाच ओळीत आलेली ती रजिस्टरं आज इतिहासकारांच्या कामी येतात. हा वांशिक निर्बंध कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये रद्द केला. तोही खटला लॉस एंजेलिसच्या काउंटी क्लार्कने लायसन्स नाकारलं म्हणूनच उभा राहिला होता.

असो. तुमचं सर्टिफिकेट आलं एकदाचं? सर्टिफाइड कॉपी एकच घ्या, दहा-वीस डॉलर वाचतील. सोशल सिक्युरिटी, ड्रायव्हिंग लायसन्स, बँक, पासपोर्ट, सगळे अस्सलच मागतात, पण एकामागून एक फिरवता येते. भारतात वापरायचं तर राज्य सरकारचा अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद अस्सल मानला जावा म्हणूनचा शिक्का, लागतो, आणि न्यूयॉर्क शहरात त्यासाठी साधं नव्हे, 'एक्स्टेंडेड' सर्टिफिकेट मागावं लागतं. तुम्ही साधंच मागा. मग सुट्टीत गावी गेल्यावर बाबांच्या ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन ते छान लॅमिनेट करून घ्या, म्हणजे अपॉस्टिलचा शिक्का त्यावर कायमचा उमटणार नाही. बाबा म्हणतील, "आता कसं, पन्नास वर्षं काही होत नाही याला."