वाघोलीतल्या बाथरूम सफाईबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की पैसे घेऊनही शॉवरची काच धूसरच राहिली, नळांवरचे पांढरे डाग तीन आठवड्यांत परत आले आणि आमच्या सफाई करणाऱ्या मुलांनी ॲसिड वापरायला नकार दिला. शेजारी मात्र एकाने बाटलीभर ॲसिड ओतून पंधरा मिनिटांत टाइल्स चकचकीत करून दिल्या. पैसे मोजून काच तशीच दिसली तर राग येणारच. पण ॲसिडला नाही म्हणायचं, हे मुलांना मीच सांगून ठेवलंय आणि ते बदलणार नाही.

दुकानात बाटलीतून मिळतं ते बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. क्षाराचा थर त्याने फसफसून निघतो, हे खरं. पण हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि तुमचा बेसिनचा ओटा संगमरवरी, म्हणजे तोही कॅल्शियम कार्बोनेटच. ॲसिड दोघांनाही सारखंच खातं. टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं, नळांचं क्रोम काळवंडतं. सांधे पोकळ झाले की पाणी आत मुरतं आणि ओल खालच्यांच्या छताला येते. शेजारच्यांना सांधे एकदा नखाने खरवडून पाहायला सांगा.

आणखी एक, हे मात्र कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा. ॲसिड टाकलेल्या जागी कुणी ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो. छोट्याशा खिडकीच्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

आता डाग परत का आले ते. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण तुमच्या सोसायटीत आजही बोअर आणि टँकरचंच पाणी आहे. काळ्या कातळातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उचलतं. धरणाच्या पाण्यात ते बरंच कमी असतं, म्हणून शहरातून तिकडे राहायला आलेल्यांना हा त्रास नवा वाटतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची, म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणाची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मुलांनी तुमच्यासमोर नळाच्या पाण्यात कठीणपणा तपासायची पट्टी बुडवली तेव्हा रंग सगळ्यात वरच्या खणात गेला होता. असं पाणी गीझरमध्ये तापलं की क्षार सुटून बसतात, म्हणून गरम पाण्याचा नळ आणि शॉवर आधी पांढरे पडतात. आम्ही साठलेला थर काढू शकतो, पाणी बदलू शकत नाही.

काचेचं वेगळं आहे. वर्षानुवर्षं थेंब वाळत राहिले की काचेचा पृष्ठभागच खराब होतो. तुमच्या काचेवरचा थर निघालाय, हात फिरवून पाहा, खरखर लागणार नाही. उरलेला धूसरपणा काचेतच आहे. सेरियम ऑक्साइडने पॉलिश करून तो कमी होऊ शकतो, पण खोल असेल तर जात नाही. त्यामुळे नवी दिसेल असा शब्द मी देणार नाही. मुलांनीही काम सुरू करण्याआधी हेच सांगितलं होतं.

रोज शेवटची आंघोळ झाली की काचेवर वायपर फिरवा आणि नळ कोरड्या फडक्याने पुसा. निम्मं काम त्यातच होतं. आठवड्यातून एकदा अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत, विरघळवा. त्यात फडकं भिजवून नळाला पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. शॉवरला तेच पाणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधा. संगमरवरावर मात्र लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही लावू नका.

कायमचा उपाय सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र. त्यातली रेझीन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. अधूनमधून मीठ घालून ती धुवावी लागते. त्याने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं एकूण प्रमाण, कमी होत नाही, त्यामुळे टीडीएस मीटर दाखवून कुणी सॉफ्टनर विकायला आलं तर विश्वास ठेवू नका. आम्ही सॉफ्टनर विकत नाही.

शनिवारी सकाळी मी स्वतः येतो. नळ आणि शॉवर पुन्हा करून देतो, त्याचे पैसे नकोत. काचेच्या एका कोपऱ्यावर पॉलिश करून दाखवतो, पुढचं तुम्ही ठरवा. कमिटीतल्या कुणाला थांबायला सांगता आलं तर बरं होईल. सॉफ्टनर घरोघरी बसवायचा की सोसायटीच्या टाकीवर, हे टाकी बघूनच त्यांच्याशी बोलता येईल.