बेचाळीस मिनिटे

माझी पेट्रोलवर चालणारी अकरा वर्षांची गाडी यंदाच्या पावसाळ्यापासून सिग्नलला उभी राहिली की अंगात आल्यासारखी घुमू लागे. धावताना तिची काहीही तक्रार नसे. परंतु मुंबईत गाडी धावण्यापेक्षा उभीच अधिक राहत असल्यामुळे मुलुंडहून दादरला पोहोचेपर्यंत सौभाग्यवतींच्या बांगड्या भजनी मंडळातील टाळांसारख्या वाजत राहत. सर्व्हिस सेंटरमधील टाय लावलेल्या तरुणाने बोनेटही न उघडता निदान केले की इंजिन ठणठणीत आहे, केवळ “ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर जुनं झालंय, अपडेट मारावं लागेल”, आणि साडेनऊ हजारांचे अंदाजपत्रक माझ्या हातावर ठेवले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमचा निरोप घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला हाच आजार झाला की चालक खाली उतरून, पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा एक स्क्रू अर्धा फेरा फिरवी, कान देऊन ऐके, पाव फेरा मागे घेई आणि सिग्नल सुटण्याच्या आत पुन्हा सीटवर येऊन बसे. आता तो स्क्रू ईसीयू नावाच्या एका चपट्या डबीत जाऊन बसला आहे. इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, किती वेगाने फिरतो आहे, धुरात प्राणवायू किती उरला आहे, हे सेन्सरांकडून विचारून घेऊन पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा आणि ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी टाकायची, याचा निर्णय ही डबी घेते. तिच्याशी बोलायचे तर पेचकस चालत नाही, लॅपटॉप लागतो.

लॅपटॉप माझ्याकडे होता आणि भाचा पुण्यात होता. तो सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे जगातील कोणतेही सॉफ्टवेअर आपल्या ओळखीचे आहे, अशी त्याची श्रद्धा आहे. “मामा, त्यात काय? फोन अपडेट करतोस ना, तसंच,” असे म्हणून त्याने कंपनीच्या प्रोग्रॅमचा एका दिवसाचा परवाना मिळवून दिला आणि मला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पिटाळले. दादरला लोकल बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि तेथील एका अरुंद गाळ्यातून गाडी आणि लॅपटॉप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारे एक यंत्र व बॅटरीचा एक दणकट चार्जर घेऊन परतलो. दोन्हींची बेरीज अकरा हजार दोनशे झाली. साडेनऊ हजार वाचवण्याची ही किंमत मी घरात सांगितली नाही.

चार्जरला मात्र पर्याय नव्हता. पूर्ण भरलेली, स्वस्थ बसलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू केले की ती हळूहळू उतरू लागते, आणि अपडेटच्या वेळी मात्र ती मुळीच उतरता कामा नये. कारण हा प्रोग्रॅम आधी डबीतील जुने सर्व पुसून टाकतो आणि मग नवे लिहू लागतो. या दोहोंच्या मध्ये गाडीच्या डोक्यात काहीही नसते. त्या अवस्थेत वीज गेली तर, भाच्याच्या शब्दांत, “डबीची वीट होते”, म्हणजे ती कायमची निकामी होते. मुंबईत वीज जात नाही या अभिमानावर मी वाढलो आहे; पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ती जवळजवळ सबंध शहराची गेली होती, आणि हा रविवारही नेमका ऑक्टोबरातलाच होता.

सोळा पिनांचे ते सॉकेट स्टिअरिंगच्या खाली अशा जागी असते की ते पाहण्यासाठी माणसाला पेडलवर डोके ठेवावे लागते. ते विधी आटोपून मी गाडीचा सतरा अक्षरी चासिस नंबर लॅपटॉपमध्ये भरला, आणि तो पाच वेळा नाकारला गेला. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळा करतात, हे ज्ञान भाच्याने मला पाचव्या प्रयत्नानंतर दिले. तोवर मी शून्याला ओ समजत होतो.

चार्जरची वायर आमच्या दुसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघराच्या खिडकीतून, जास्वंदीला वळसा घालून, कंपाउंडमधील गाडीच्या बोनेटखाली आणली होती. लॅपटॉपने सांगितले की बेचाळीस मिनिटे लागतील. या काळात दार उघडू नये, काच खाली करू नये, दिवे, हॉर्न, एसी यांपैकी कशालाही हात लावू नये. मी आत बसून होतो. ऑक्टोबरचे ऊन टपावर होते. समोर बोनेट उघडे असल्यामुळे मला जगाचे केवळ आवाज ऐकू येत होते.

चौथ्या मिनिटाला रेडिएटरचा पंखा विमानासारखा घोंगावू लागला. ईसीयूचा आवाज बंद झाला की काहीतरी अघटित घडले असे समजून पंखा आपल्या बुद्धीने पूर्ण वेगाने फिरू लागतो, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मला आणि सोसायटीला एकाच वेळी वाटले की गाडी पेटणार. वॉचमन पाण्याची बादली घेऊन आला. मी काचेआडून दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होतो आणि त्याला मी मदत मागतो आहे असे दिसत होते. चौथ्या मजल्यावरील काकांनी सुदैवाने त्याला अडवले, आणि दुर्दैवाने स्वतः बोनेटमध्ये डोके घातले. “अहो, ही क्लिप सैल आहे, दाबून देऊ का?” असा त्यांचा प्रेमळ आवाज आला. क्लिप सैल नव्हती. आयुष्यात प्रथमच मी एका वडीलधाऱ्या माणसावर बंद काचेतून ओरडलो, आणि पंख्याच्या कृपेने ते त्यांना ऐकू गेले नाही.

मग सचिव आले. त्यांनी वायरीचा माग डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत काढला आणि काचेवर टकटक करून विचारले, “इलेक्ट्रिक गाडी घेतलीत? कमिटीला कळवायचं नाही का?” मी मान आडवी हलवली. त्यांनी तिचा अर्थ ‘नाही कळवले’ असा घेतला. “मीटर सोसायटीचा की तुमचा?” या प्रश्नावर मी वर, आमच्या खिडकीकडे बोट दाखवले, तर त्यांनी गच्चीकडे पाहिले, जेथे सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचे कनेक्शन आहे. ते वहीत काहीतरी लिहून निघून गेले.

एकाहत्तर टक्क्यांवर लॅपटॉप लाल झाला. साडेतेरा व्होल्टवर स्थिर असलेला बॅटरीचा आकडा १२.८ झाला, मग १२.५, मग १२.३. वरून मिक्सरचा आवाज येत होता. आमच्या स्वयंपाकघरात मोठ्या पिनेचे सॉकेट एकच आहे, आणि रविवारच्या वाटणाला ते लागते, हे सतरा वर्षांच्या संसारात मला ठाऊक असायला हवे होते. मी फोन लावला. तो वर मिक्सरशेजारी वाजत असणार. काकांना खुणेने वर पाठवावे म्हणून मी वाटण वाटण्याचा अभिनय केला. काकांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि वॉचमनला सांगितले, “साहेबांना भूक लागलीय.” १२.१ वर मी डोळे मिटले. मिक्सर थांबला. खिडकीतून सौंचा आवाज आला, “अहो, तुमची पिन परत लावली हो, पाचच मिनिटं घेतली होती!” आकडा पुन्हा वर चढू लागला.

शंभर टक्के झाल्यावर इग्निशन बंद करून दहा सेकंद थांबण्याची आज्ञा झाली. पंखा शांत झाला आणि ते दहा आकडे काकांनी मोठ्याने मोजले. गाडी सुरू झाली. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग अशा प्रत्येक विभागाने मात्र इंजिनाशी संपर्क तुटल्याची स्वतंत्र लेखी तक्रार नोंदवून ठेवली होती. त्या सर्व एका बटणाने पुसता आल्या. डबीने आजवर शिकलेलेही पुसले गेल्यामुळे गाडी पहिले दोन दिवस अधिकच थरथरली, आणि भाच्याच्या सांगण्यावरून मी पहाटे पाचला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तिला एका वेगाने चालण्याचे धडे दिले. काका दोन्ही दिवस शेजारी बसून होते. तिसऱ्या दिवसापासून बांगड्या वाजेनाशा झाल्या.

पुढच्या महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलात एक नवी ओळ होती: ‘इलेक्ट्रिक वाहन आकार, ३०० रुपये’. मी तेव्हा नुकताच पेट्रोलची टाकी भरून आलो होतो.