'धावपळ जमणार नाही' हे ठरवलं कुणी?

जुलै 2024 मध्ये तेलंगणातल्या एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांनी समाजमाध्यमावर प्रश्न टाकला: विमान कंपनी दिव्यांग पायलट ठेवते का? दिव्यांग सर्जनवर तुम्ही भरवसा टाकाल का? आयएएस, आयपीएस, वनसेवा म्हणजे फिल्डवरचं काम, तासन् तास राबणं, लोकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकणं. मग तिथे दिव्यांगांना आरक्षण कशाला? नोकरभरतीत दिव्यांगांचा विषय निघाला की हाच युक्तिवाद अजून फिरतो. मला तो मनापासून खटकतो.

आधी पायलट आणि सर्जन. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी जागांपैकी किमान 4 टक्के राखीव आहेत, पण कुठलंही पद कुणालाही द्या असं तो म्हणत नाही. प्रत्येक पदाला बसणं, चालणं, पाहणं, ऐकणं यांपैकी काय लागतं हे तपासून पदं निश्चित करायची असतात, आणि कामाच्या स्वरूपामुळे एखाद्या सेवेला सूटही देता येते. आयपीएसला अशी सूट 2021 च्या अधिसूचनेने दिलेली होती. म्हणजे ज्या आरक्षणावर आक्षेप, ते आयपीएसमध्ये नव्हतंच. डॉक्टरांचंच उदाहरण हवं असेल तर मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी घ्या. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून व्हीलचेअर. याच माणसाने 1983 मध्ये टाटा रुग्णालयात देशातल्या पहिल्यावहिल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणांपैकी एक केलं.

'फिल्डवर जमणार नाही' हा खरा मुद्दा, आणि तो फार जुना आहे. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे दिव्यांग असलेल्या इरा सिंघल केंद्रीय लोकसेवा आयोगाची 2010 ची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, महसूल सेवेसाठी पात्र ठरल्या, तरी त्यांना रुजू करून घेतलं नाही. कारण काय, तर ढकलणं, ओढणं, उचलणं जमणार नाही. आयकर किंवा सीमाशुल्क अधिकारी रोज काय उचलतो? त्या प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या, जिंकल्या, आणि 2014 च्या परीक्षेत खुल्या गुणवत्ता यादीत देशात पहिल्या आल्या. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. रेल्वे लेखा सेवा मिळूनही दृष्टिहीन म्हणून त्यांना घेतलं नाही. पुढच्याच परीक्षेत 124 वा क्रमांक काढून त्या आयएएस झाल्या आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी. फाइल स्क्रीन रीडरने ऐकता येते. गाऱ्हाणं तर ऐकायचंच असतं.

'गुणवत्तेला धक्का बसतो' म्हणणाऱ्यांनी या दोघींचा क्रम पुन्हा पाहावा. गुणवत्ता आधीपासून होती, आडवा आला तो शारीरिक क्षमतेचा तक्ता. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियमही रद्द केला.

दिव्यांगत्वाची बनावट प्रमाणपत्रं दाखवून काही जण राखीव जागा लाटतात, हा मुद्दा मला मान्य आहे. पण खोटा दाखला पकडायचा तर तपासणी कडक करा, वैद्यकीय मंडळाला जाब विचारा. त्याची शिक्षा खऱ्या उमेदवाराला देऊ नका.

आणि एक गोष्ट या चर्चेत कुणी बोलत नाही. आज धडधाकट असलेला अधिकारी उद्या दौऱ्यावर अपघातात पाय गमावू शकतो. कायद्याचं कलम 20 सांगतं की तेवढ्यावरून त्याला काढता येत नाही. पगार आणि श्रेणी तीच ठेवून दुसऱ्या कामावर नेता येतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काम जमतं, मग आधीपासून असलं तर का जमू नये?

राहिलं समोरासमोर ऐकणं. आमच्याकडच्या एका कचेरीत साहेबांची खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकांना खाली पायरीशी बसवून मी त्यांचा अर्ज वर नेला होता. तो वरच घेतला गेला. काका काय सांगायला आले होते, ते कुणी ऐकलं नाही.