थंडी पडण्यापूर्वी स्टेटस टाका

पुण्यात राहत असाल तर डिसेंबर लागताच उठल्या उठल्या एक काम न चुकता करा. पांघरुणातून फक्त उजवा हात बाहेर काढा, मोबाइल उचला आणि तापमानाचा स्क्रीनशॉट घ्या. खिडकी उघडून बाहेर खरंच गार आहे का, ते बघायला जाऊ नका. एक तर गारठा आत येतो, आणि दुसरं म्हणजे आलेल्या गारठ्याचा स्क्रीनशॉट निघत नाही.

आकडा निवडताना मात्र घाई नको. हवामानाची तीन-चार ॲप बाळगा. एकात १३ दिसतं, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात ९ आणि त्याखाली बारीक अक्षरात 'जाणवणारे तापमान ८'. तुम्हाला ८च जाणवतंय, हे पक्कं ठरवून टाका. ही ॲप बहुतेक वेळा गणिती अंदाजावरून आकडा दाखवतात, तुमच्या गल्लीत कुणी तापमापक घेऊन उभं नसतं, असं कुणी म्हणालंच तर त्याला विचारा, "तू काय हवामान खात्यात आहेस का?" हा प्रश्न पुण्यात जरा जपून विचारावा, कारण समोरचा खरोखर असू शकतो. १९२८ साली खात्याचं ऑफिस सिमल्याहून इथे आलं आणि शिवाजीनगरच्या त्या वास्तूला लोक अजूनही सिमला ऑफिसच म्हणतात. थंडीचा हिशेब ठेवणारी माणसं सिमला सोडून पुण्यात आली. आपल्या थंडीला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार?

फ्लॅट घेताना तुम्ही पाणी बघितलंत, पार्किंग बघितलंत, किमान तापमान बघितलं नाहीत. आता भोगा. पाषाणचे आणि एनडीएकडचे लोक सकाळी सातलाच आपापले एकआकडी आकडे लावून मोकळे होतात, आणि मगरपट्टा, कोरेगाव पार्कवाले त्याच पहाटे तीन-चार अंशांनी गरीब ठरतात. यावर उपाय सोपा आहे. ॲपमधलं ठिकाण बदलून पाषाण करा. मतदारयादीत नाव थोडंच हलवायचंय!

'महाबळेश्वरपेक्षा पुणे थंड' ही बातमी दरवर्षी येते आणि दरवर्षी आपण ती तितक्याच आश्चर्याने पुढे ढकलतो. ढकलावी. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचते. म्हणून डोंगरावरचं महाबळेश्वर पहाटे १२-१३वर असतं तेव्हा खालचं पुणे ८-९वर गेलेलं असू शकतं. हे कारण ग्रुपवर लिहू नका. लिहिलंत तर खाली दोन अंगठे आणि एक 'शुभ सकाळ' यापलीकडे काही येत नाही. त्याऐवजी वेण्णा तलावाकाठच्या गोठलेल्या दवाचा फोटो टाका. वेण्णाचा मिळाला नाही तर काश्मीरमधला कुठलाही चालेल, फक्त त्यात शिकारा दिसत नाही ना, ते बघून घ्या. फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं बंधन व्हॉट्सॲपने एप्रिल २०२०मध्ये घातलंय. कष्ट पडतात खरे. पण थंडी घरोघरी पोहोचवायची तर इतकं करायलाच हवं.

थंडीची लाट जाहीर व्हायची वाट बघू नका, स्वतःच जाहीर करा. खात्याचा नियम भलताच कंजूष आहे. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली हवं, आणि शिवाय ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी घसरलेलं हवं. पुण्याची जानेवारीची सरासरी ११च्या आसपास धरली, तर लाट म्हणवून घ्यायला साडेसहा-सातपर्यंत उतरावं लागणार. तोपर्यंत दम कुणाला आहे? 'हुडहुडी' लिहा आणि मोकळे व्हा. हुडहुडीला सरासरी लागत नाही.

अडचण येते ती नातेवाइकांची. एडमंटनचा भाचा बर्फात अर्धी बुडालेली गाडी टाकतो आणि खाली लिहितो, 'उणे २८, मामा!' त्याला ताबडतोब उत्तर द्या की, "तुमच्याकडे घरात हीटर असतो रे बाळा, आमची थंडी हाडात शिरते." नागपूरच्या वहिनी २९ डिसेंबर २०१८चा आपला ३.५ काढून दाखवतात. अशा वेळी घरातल्या ज्येष्ठांना पुढे करावं. १७ जानेवारी १९३५ला पुण्याचं तापमान १.७पर्यंत उतरलं होतं, आणि १९५२ साली जन्मलेल्या आपल्या अण्णाकाकांना ती पहाट लख्ख आठवते. मुंबईकरांना काही बोलू नका. सांताक्रूझला २७ जानेवारी १९६२ रोजी ७.४ नोंदलं गेलंय, त्या पुण्याईवर ते बिचारे १९लासुद्धा कानटोपी घालतात.

दुपारी ग्रुपवर फिरकू नका. दीड वाजता ऊन ३०ला टेकलेलं असतं, पंखा चालू असतो आणि कुणाचाच स्क्रीनशॉट येत नाही. कमाल तापमान ही घरातली गोष्ट आहे, ती घरातच ठेवावी.

रात्री जेवण झालं की मात्र खाली उतरा. सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनमामांनी शेकोटी पेटवलेली असते. वाळका पाला, तुमच्याच घरी ऑनलाइन आलेल्या सामानाची खोकी, कुठल्या तरी मोडक्या ड्रॉवरची फळी. मामांनी आत सोसायटीने दिवाळीला दिलेला स्वेटर घातलेला असतो आणि त्यावर गणवेशाचा शर्ट ताणून बसवलेला. बटणांच्या फटींतून लोकर डोकावते. स्वेटर वर घातला तर गणवेश दिसत नाही, अशी कमिटीची सूचना आहे. मामांना जरा बाजूला सरकायला सांगा, म्हणजे ज्वाळा नीट येतात. फोटोखाली लिहा, 'शेकोटी आणि गप्पा'. गप्पा मारायची गरज नाही. मग वर या, खिडक्या लावून घ्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाका की, गेटपाशी रोज धूर होतो, आईला खोकला येतो. तक्रार खोटी नाही. अशा रात्री गार हवा तळाशी बसते, तिच्या डोक्यावर उबदार हवा झाकणासारखी बसते, आणि धूर वर जायचं नाव घेत नाही. फोटोला आणि तक्रारीला बहुधा त्याच मंडळींचे अंगठे येतात. दोन्ही एकाच ग्रुपवर टाकू नका म्हणजे झालं.

आता सिनेमा. थंडीच्या रात्री दुलईत शिरून सिनेमा बघावा, असं म्हणणाऱ्याने आधी घरच्या चार माणसांना पसंत पडेल असा एक सिनेमा निवडून दाखवावा. बाबांना जुना हवा असतो, पण 'तो रडका नको'. आईला मारामारी चालत नाही, खून चालतात. मुलगी म्हणते कोरियन लावा, आणि सबटायटल वाचायला चष्मा कुणी उठून आणायचा यावर पाच मिनिटं जातात. पावणेअकरापर्यंत ट्रेलर बघून झाले की चहा करा. तो मगात ओता, पायांत मोजे चढवा, टीव्हीवर जे काही थांबलंय ते मागे दिसेल अशा बेताने फोटो काढा आणि लिहा, 'थंडी, कॉफी आणि सिनेमा'. चहा असला तरी कॉफीच लिहा. फोटो टाकून झाला की सिनेमा बघितल्यात जमा आहे. तरी कुणी हट्टच धरला तर लावा, पण दीडपट वेगाने. एखादं पात्र खिडकीबाहेर बघत बसलं की दहा सेकंद पुढे ढकला. बाहेर काय चाललंय ते आपल्याला ॲपवर दिसतंच. मोबाइल दुलईच्या आत धरावा. बोटं गार पडत नाहीत आणि घरच्यांना वाटतं, तुम्ही तल्लीन झालात.

थिएटरात जाणार असाल तर स्वेटर न्या, कारण बाहेर नसलेली थंडी एसीवाल्यांनी आत जपून ठेवलेली असते. राष्ट्रगीत झालं, सिनेमाचं नाव पडद्यावर आलं की लगेच व्हिडिओ घ्या. २०२३च्या कायदा-दुरुस्तीने थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद ठेवली आहे, पण तुम्ही चोरी थोडीच करताय, तुम्ही तर आठवण जपताय! मागच्या रांगेतला "ओ, फोन बंद करा" म्हणाला, तर हेही स्टेटसला टाकता येतं. 'प्रेक्षकांची संस्कृती कुठे चाललीये?'

अभिप्राय मात्र शुक्रवारी सकाळी दहाच्या आत गेला पाहिजे. त्यासाठी एक वाक्य पाठ करून ठेवा: 'पूर्वार्ध पकड घेतो, उत्तरार्ध रेंगाळतो, छायाचित्रण देखणं, कात्री अजून चालायला हवी होती.' आजवर निघालेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या सिनेमांना ते लागू पडतं. वीस मिनिटांच्या माहितीपटालाही पडतं, फक्त त्याला उत्तरार्ध असतो असं आधी गृहीत धरावं लागतं.

मराठी सिनेमाच्या बाबतीत तर बघण्याची अटसुद्धा नाही. तिथे संतापणं पुरतं. 'फाळके ज्या मातीतले, त्या महाराष्ट्रात मराठी सिनेमाला पडदा मिळत नाही!' हे लिहा. उद्गारचिन्हं हात राखून देऊ नका. शो सकाळी साडेनऊचा मिळाला, तर 'साडेनऊला कोण जाणार?' असं विचारा. पुढच्या आठवड्यात सायंकाळचा मिळाला, तर त्या दिवशी मित्राच्या शेतावर हुरडा पार्टी असते आणि हुरडा काही ओटीटीवर येत नाही. बुकिंगच्या नकाशावर पाचच खुर्च्या भरलेल्या दिसल्या की त्याचा स्क्रीनशॉट घ्या. सहावी खुर्ची आपण भरू शकतो हा विचार मनात आणू नका, त्याने पोस्टची धार जाते. प्रेक्षक नाहीत म्हणून शो रद्द झाला की आणखी एक पोस्ट होते. तिला पहिलीपेक्षा जास्त अंगठे मिळतात, कारण ती श्रद्धांजली असते.

या सगळ्यावर कळस चढवायचा तर 'पिफ' सोडू नका. २००२ साली सुरू झालेला हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बहुतेक वर्षी जानेवारीतच येतो, म्हणजे मफलर आणि जागतिक सिनेमा या दोन्हींचं एकदमच भागतं. पास गळ्यात घाला आणि महोत्सव संपल्यावरही दोन दिवस राहू द्या. रांगेत उभं राहून पुढच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा की, यंदा इराणची निवड जरा फिकी वाटली. आत शिरल्यावर अर्ध्या तासात उठा, कारण शेजारच्या स्क्रीनच्या रांगेत आत्ताच नंबर लावला तर पुढच्या सिनेमाला बरी जागा मिळते, आणि त्यातूनही अर्ध्या तासाने उठता येतं. बाहेर कुणी ओळखीचं भेटून "कसा होता?" असं विचारील. "बघायलाच हवा," एवढंच म्हणून सटका. तरीही त्याने गाठून शेवट काय झाला असं विचारलंच, तर मफलर नीट करत सांगा, "ओपन एंडिंग आहे."