आधी पत्रा, मग स्मार्ट बोर्ड

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढलीय आणि वाद एकच, वर्गांवरचा पत्रा काढून नीट छत घालायचं की स्मार्ट बोर्ड घ्यायचे. बहुमत बोर्डांकडे. वर नेहमीचं पालुपद, आपण त्याच पत्र्याखाली शिकलो, काय बिघडलं? अरे, जे तरले तेच आज बोलतायत, ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांना विचारलं का कुणी?

पाऊस कोसळायला लागला की बाई शिकवणं थांबवायच्या, कारण ओरडूनही मागच्या बाकापर्यंत आवाज पोचायचा नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी आम्ही वहीने वारा घेत घंटेची वाट बघायचो. हे गेलेले तास कुठल्या बोर्डाने भरून निघणार?

न्यूयॉर्कमध्ये एका शाळेला लागूनच रेल्वे होती, रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती, हे 1975 मध्ये छापून आलं. नंतर रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारं छत केलं, आणि तो फरक मिटला. इकडे इंग्लंडमध्ये, मी राहते तिथे, सॅलफर्ड युनिव्हर्सिटीने 27 प्रायमरी शाळांतले 153 वर्ग तपासले, मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक दिसला त्यातला 16 टक्के वर्गखोलीशी जोडलेला निघाला. उजेड, हवा, तापमान या साध्याच गोष्टी त्यात होत्या.

माझी मुलगी इथल्या शाळेत ईयर फोरला, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे. वर्गात सीओटू मॉनिटर आहे, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, आकडा चढला की मिस खिडकी उघडते, बाहेर कितीही गारठा असो. हे लिहिलं तर लगेच, तू तिकडे बसून अक्कल शिकवू नकोस. इकडेही सगळं छान नाही हो, 2023 मध्ये शाळा उघडायच्या तोंडावर राक नावाच्या हलक्या, कोसळू शकणाऱ्या काँक्रीटमुळे शंभरावर शाळांना इमारती किंवा त्यांचे भाग बंद ठेवायला लावले. पण तेव्हा कोणी म्हटलं नाही की इमारतीचं काय एवढं, शिक्षक चांगला असला की झालं. चांगला शिक्षक हवाच, पण त्याचा आवाज मुलापर्यंत पोचायला तर हवा!

आणि खरं सांगू? मुलीच्या शाळेतल्या पेरेंट्स ईव्हनिंगला मी दहा मिनिटं मान डोलावते, थँक यू म्हणून बाहेर पडते. तिथे भांडावंसं वाटत नाही. मुलगी तिथली, मी नाही. इतकी वर्षं झाली तरी माझी शाळा म्हणजे पत्र्याचीच, म्हणून तर तुमच्याशी एवढं तोंड वाजवतेय. माझा वाटा पाठवते, पण तो छतालाच लावा.