'केसरी'च्या जन्मदिनाचा तो संदेश

4 जानेवारी आली की फोनवर हमखास येणारा संदेश असा: "1881 साली आजच्या दिवशी लोकमान्य टिळकांनी 'केसरी' हे मराठीतले पहिले दैनिक सुरू केले. तेच पहिले संपादक. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या अग्रलेखाबद्दल त्यांना तुरुंगवास झाला."

तारीख बरोबर आहे. बाकीचे तपासू.

'पहिले'? बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' 1832 चे, 'केसरी'च्या 49 वर्षे आधीचे.

'दैनिक'? आज आहे, टिळकांच्या हयातीत नव्हते. 'केसरी' साप्ताहिक होते, दर मंगळवारी निघायचे. त्याच मंडळींचे इंग्रजी पत्र 'मराठा' रविवारी. टिळकांच्या गाजलेल्या लेखांच्या तारखा पंचांगाशी ताडून पाहा, मंगळवारच येईल. मराठीतले पहिले दैनिक म्हणून मान जातो तो पुण्याच्याच 'ज्ञानप्रकाश'ला. 1849 साली साप्ताहिक म्हणून निघालेले हे पत्र 1904 मध्ये दैनिक झाले.

'पहिले संपादक टिळक' ही चूक मला सर्वांत जास्त सलते, कारण तिच्यामुळे एक अख्खा माणूस पुसला जातो. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी अशा मंडळींनी मिळून ही दोन पत्रे काढली. 'केसरी' गोपाळ गणेश आगरकरांकडे होता, 'मराठा' टिळकांकडे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याबद्दल दोन्ही पत्रांत मजकूर आला, तिथले दिवाण बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि 1882 मध्ये दोघेही संपादक डोंगरीच्या तुरुंगात गेले. शिक्षा चार महिन्यांची, भोगली 101 दिवस. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिले. सामाजिक सुधारणांवरून पुढे मतभेद विकोपाला गेले, 1887 मध्ये आगरकर बाहेर पडले आणि संपादकपद टिळकांकडे आले. आगरकरांनी 1888 मध्ये 'सुधारक' काढले. म्हणजे 'केसरी'ची पहिली सहा-सात वर्षे आगरकरांची. टिळकांचे मोठेपण मानायला ती त्यांच्या नावावर चढवण्याची काही गरज नाही.

आता तो अग्रलेख. पुण्यातला इंग्रज प्लेग अधिकारी रँड याच्यावर 22 जून 1897 च्या रात्री गोळी झाडली गेली. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख आला 6 जुलैला. पण राजद्रोहाचा खटला उभा राहिला तो 15 जूनच्या अंकावर, म्हणजे गोळी झाडण्याच्या आठवडाभर आधी छापलेल्या मजकुरावर: 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत. त्या भाषणांत अफझलखानाच्या वधाची चर्चा होती आणि सरकारी पक्षाने तिचाच आधार घेतला. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा झाली दीड वर्षाची सक्तमजुरी.